खणातला फॉर्म

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

हॉस्पिटलचा क्वालिटी विभाग आता तुझ्याकडे आला, हे बाबांनी फोनवर मोठ्या आवाजात सांगितलं. मला मात्र आधी आठवला तो आमच्या ऑफिसातला एक खण.

आमच्या वॉर्डात पोटॅशियम क्लोराइडच्या (पातळ न करता थेट शिरेत गेलं तर जिवावर बेतणारं औषध) आणि डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युल्स एकाच ट्रेमध्ये असायच्या. एका रात्रपाळीत माझ्या हातात भलतीच आली. फोडायच्या आधी लेबल पुन्हा वाचलं म्हणून निभावलं. सकाळी ड्युटी संपल्यावर तासभर बसून घटनेचा फॉर्म भरला. वर्षभराने कशासाठी तरी तो खण उघडला, तर फॉर्म तिथेच पडलेला, टाचणीचा गंज कागदात उतरलेला. ट्रेही तसाच. त्यानंतर मी एकही फॉर्म भरला नाही. हे आजवर कुणाला बोलले नव्हते.

तो खण ज्यांचा, त्या आमच्या मेट्रन, म्हणजे मुख्य सिस्टर, वाईट नव्हत्या गं. ड्युट्या लावणं, रजा, सामानाची मागणी, आणि वर ही क्वालिटी, सगळं एकट्या बाईवर. म्हणून सांगते, वरिष्ठांकडे पोस्टर-बॅनर मागू नकोस, एक पूर्णवेळ क्लार्क माग. फॉर्मची नोंद ठेवायची, समितीचं इतिवृत्त लिहायचं, कुणी काय कबूल केलं होतं त्याचा पाठपुरावा करायचा, हात धुण्याच्या पाहणीचे आकडे जुळवायचे. ही कामं सिस्टरच्या गळ्यात पडली की पेशंटच्या वाट्याचा वेळ जातो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं (कॅथेटरचं), इन्फेक्शन रोखायची मोहीम झाली होती. २००६ साली तिचे आकडे छापून आले: दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी म्हणजे एक कॅथेटर-दिवस) इन्फेक्शनं सरासरी ७.७ वरून दीड वर्षात १.४. सगळे कौतुक करतात ते पाच मुद्द्यांच्या चेकलिस्टचं. पण तिथे बऱ्याच आयसीयूंत त्वचा साफ करायचं जंतुनाशक, क्लोरहेक्सिडीनच हाताशी नव्हतं. ते मागवणं सिस्टरच्या हातात थोडंच असतं! आयसीयूंना व्यवस्थापनातला एकेक वरिष्ठ जोडून दिला होता, त्यांनी ही अडचण दूर केली. खरेदीच्या कागदावर सही करणारा माणूस वॉर्डात येऊन उभा राहिला की अशी कामं होतात. तुझ्या साहेबांना महिन्यातून एकदा तरी खाली घेऊन जा, आणि त्यांना ट्रे स्वतः उघडायला लाव.

रुजू झालीस की आधी जुने फॉर्म काढून वाच. ज्यांनी भरलेत त्यांना दोन ओळींचं का होईना, उत्तर पाठव. नोकरी सोडून गेल्या असतील त्यांनाही.

तुझी,
आई