आधी अडचण, मग अनिच्छा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नवरा-बायकोतली ओढ आटण्यावरचा लेख वाचला. त्यात सगळं खापर कामाचा ताण, मोबाइल आणि तोचतोचपणावर फोडलं आहे. आमच्याकडे क्रम उलटा होता, म्हणून लिहिते आहे.

ह्यांना मधुमेह. मधुमेहात नसा आणि रक्तवाहिन्या खराब होऊन ताठरता टिकत नाही, हे तेव्हा माहीत नव्हतं. दोन-तीनदा तसं झालं आणि मी झोपी जाईपर्यंत हे टीव्हीसमोर बसून राहू लागले. मग खांद्यावर हात ठेवणंही थांबलं. हात ठेवला तर मी पुढची अपेक्षा धरेन, ही धास्ती. मला वाटलं, ह्यांचं मन उडालं. हळूहळू माझंही उडालं. त्यात पाळी गेल्यावरचा कोरडेपणा. दुखायचं, पण बोलले नाही. उलट जवळीक टळली की सुटल्यासारखं वाटायचं. ज्यात एकाला नापास होण्याची भीती आणि दुसऱ्याला दुखण्याची, त्याची इच्छा होणार तरी कशी?

पहिल्या डॉक्टरांनी ह्यांना ताठरतेसाठी सिल्डेनाफिल ही गोळी लिहून दिली. ती रक्तपुरवठा वाढवते, ओढ नाही. (हृदयासाठी नायट्रेट चालू असेल तर ती घ्यायचीच नसते, हे लेखात यायला हवं होतं.) गोळी ड्रॉवरमध्येच राहिली.

पुढे समुपदेशक बाईंनी काही आठवडे समागमच बंद सांगितला. फक्त स्पर्श, तोही आळीपाळीने. मला हसू आलं, जे होतच नव्हतं त्याला बंदी! पण त्या बंदीनेच ह्यांची परीक्षा टळली. ही पद्धत मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांची, १९७० सालची. माणूस स्वतःकडेच प्रेक्षकासारखा बघू लागला की शरीर साथ देत नाही, हे त्यांचंच निरीक्षण. शिवाय दीर्घ सहवासात अनेकींना इच्छा आधी होत नाही, जवळीक सुरू झाल्यावर जागी होते, असं कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलं. मी तर स्वतःला 'थंड' समजून बसले होते.

पहिल्या डॉक्टरांसमोर मी ह्यांच्या शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी साखर विचारली, रक्तदाब विचारला. "तुम्हाला दुखतं का?" हे मात्र त्या बाईंनी विचारलं, तीन वर्षांनी.

– एक वाचक
(नाव-पत्ता कळवला आहे; कृपया छापू नये.)