कागदकामाला कलेचा मान हवा

महोदय,

मी चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. कागद कापणे म्हणजे सुट्टीतला फावल्या वेळचा उद्योग, ही समजूत आमच्या वर्गातही आहे आणि तिचे मला मनापासून वाईट वाटते. मथुरा-वृंदावनच्या सांझी कलेत कारागीर बारीक कात्रीने कागदात झाडे, गाई, मोर कोरतात आणि त्या साच्यातून जमिनीवर रंगांची नक्षी उतरवतात. असा एक मोर मी स्वतः कापून पाहिला, तेव्हा पिसाऱ्यातले दोन डोळे जोडणारी केसाएवढी पट्टी तुटली आणि तीन संध्याकाळींचे काम हातातच सुटले. पण रिकामी जागाच आकाराला धरून ठेवते, हे त्या दिवशी जसे उमगले तसे कोणत्याही व्याख्यानात उमगले नव्हते. १९४१च्या शस्त्रक्रियेने हालचाली मर्यादित झालेल्या फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांनीही उतारवयात रंगवलेले कागद कापूनच भव्य चित्रे घडवली.

आपल्याकडे तर कागदी मखरे आणि आकाशकंदील घरोघरी होतात. ते करणाऱ्या जुन्या हातांना कला महाविद्यालयांनी प्रात्यक्षिकांसाठी सन्मानाने बोलवावे आणि आपल्या दैनिकानेही त्यांच्या कामाची दखल घ्यावी, ही विनंती.

— एक कलाविद्यार्थिनी, पुणे