विषय: नोतो भूकंपाच्या नुकसानीची वजावट न घेताच भरलेलं माझं विवरणपत्र

प्रति,
व्यवस्थापक, करसेवा विभाग

तुमच्या कार्यालयाशी आता यापुढे फोनवर बोलणार नाही. जे असेल ते लेखी.

जपानच्या इशिकावा प्रांतातल्या उचिनादा गावात माझं घर आहे. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात तिथली वाळूची जमीन पातळ होऊन सरकली आणि घर कललं. नगर कार्यालयाचा रिसाई शोमेइशो, म्हणजे घराच्या नुकसानीचा दाखला, दुरुस्तीची अंदाजपत्रकं, विम्याचे कागद, सगळं तुम्हाला मुदतीच्या आत पाठवलं होतं. भारतातल्या ठेवींच्या व्याजामुळे माझं विवरणपत्र दरवर्षी तुम्हीच भरता. या वेळी ते असं भरलंत, जणू भूकंप झालाच नाही.

आज कारण विचारलं. उत्तर मिळालं, "सर, भूकंप २०२४ चा, विवरणपत्र २०२३ चं. कसं बसणार?" मी सांगितलं की फेब्रुवारी २०२४ मध्ये जपानच्या संसदेने नेमक्या याच भूकंपासाठी कायदा केला, नुकसान २०२३ च्या उत्पन्नातून वजा करता येतं. पलीकडे शांतता. मग, "ते जपानी लोकांसाठी असेल." मी म्हटलं, कर भरताना मी परदेशी नसतो, मग वजावट घेतानाच कसा होतो? त्यावर तुमचा माणूस म्हणाला, "भारतात घर असेलच ना तुमचं? मग एवढं टेन्शन कशाला घेता?"

हे वाक्य एका मराठी माणसाने, मराठीत, मला ऐकवलं. जे घर कललंय त्याचा कर्जाचा हप्ता मी भरतोय. कानाझावात भाड्याने राहतोय, त्याचं भाडं वेगळं. भूकंपविमा मुळात आगीच्या विम्याच्या निम्म्यापर्यंतच मिळतो, त्यात घर उभं राहत नाही. आणि जुमिनझेई, म्हणजे स्थानिक रहिवासी कर, आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणजे तुमच्या चुकीमुळे तोही जूनपासून पगारातून पुरेपूर कापला जातोय. टेन्शन कशाला घेता!

२०११ च्या तोहोकूतल्या भूकंप-त्सुनामीनंतर आयकरावर २.१ टक्के जादा कर लागला, २०१३ पासून, मूळ कायद्याप्रमाणे २०३७ पर्यंत. इथे कमवायला लागल्यापासून मी तो देतोय आणि एकदाही कुरकुर केली नाही. ज्यांची घरं वाहून गेली त्यांच्यासाठी तो पैसा आहे, द्यायलाच हवा. माझं घर गेलं तेव्हा कायद्याने दिलेली सवलत मात्र तुम्ही माझ्यापर्यंत पोहोचू दिली नाहीत. रिसाई शोमेइशो हातात असूनही. कुणी तो उघडून तरी पाहिला का?

तुमच्याकडे मी आलो तो जपानी कर कार्यालयाची भाषा मला झेपत नाही म्हणून. त्या भरवशाचीच तुम्ही फी घेता. उचिनादात माझे जपानी शेजारी एका साध्या झेइरिशीकडे (परवानाधारक करसल्लागाराकडे) गेले आणि त्यांना वजावट मिळाली.

दुरुस्तीचा अर्ज करायला पाच वर्षांची मुदत असते, हेही मलाच शोधावं लागलं. तो अर्ज दोन आठवड्यांत तुमच्या खर्चाने करा. त्यासाठी "वेगळं शुल्क लागेल" असं आज सांगण्यात आलं. ते मी देणार नाही. या वर्षीची फी परत करा. कललेल्या घराचं सपाटीकरण आणि दुरुस्तीचा खर्चही हिशेबात धरा, नुकसानातून उत्पन्नाचे दहा टक्के वगळण्याच्या सूत्राने एकदा आणि खर्चाच्या सूत्राने एकदा मोजा, आणि जास्त येईल ते लावा.

हे झालं नाही तर मी झेइरिशी संघाकडे लेखी तक्रार करेन, आणि इथल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला तुमच्याकडे जाऊ नका म्हणून सांगेन. काम करणार नसाल तर माझी मूळ कागदपत्रं नोंदणीकृत टपालाने परत पाठवा. दुसरा झेइरिशी मी पाहून ठेवला आहे.

तुमचा ग्राहक,
कानाझावा