बंदरावर उतरण्याआधी

क्रूझ सहलीच्या सर्व सभासदांना सूचना : कार्यक्रमपत्रिकेत ‘रोम’ लिहिलंय, पण जहाज चिविटावेकिया या बंदराला लागतं. तिथून रोम ७० किलोमीटरच्या वर आहे, त्यामुळे त्या दिवशी एक-दोन ठिकाणंच ठरवा.

क्रोएशियातल्या दुब्रोवनिकला जुन्या शहराभोवतीच्या जवळपास २ किलोमीटर तटबंदीवरून फेरी माराच, तीही सकाळी. दुपारी ऊन भाजून काढतं.

सॅन्टोरिनी या ग्रीक बेटावर जहाज धक्क्याला लागत नाही, लहान बोटीने किनाऱ्यावर जायचं. वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला रोपवे किंवा ५८० हून अधिक पायऱ्या (गुडघेदुखीवाल्यांनी हट्ट करू नये). परतीला रोपवेची रांग लांबते, तेव्हा तासभर हाताशी ठेवा.

घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवा. स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.