समोरच्या दारातल्या साडेसहा फुटी पोराला, बाबांच्या मनगटाकडून थँक्यू

अरे ऐक,

तुझं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. तुझ्या बास्केटबॉलच्या लाइनमध्ये नाव गुगल करणारे लोक फार, आणि तुला उगाच कुणी त्रास द्यायला नको. तुला इंग्रजीत मेसेज करून झालाय, फोनवर थँक्यू म्हणून झालं, पण बाबांचं काही त्याने समाधान होईना. "चार लोकांना कळू दे गं पोराने काय केलं ते," हे रोज चालू आहे. म्हणून हे मराठीत, आपल्या लोकांसाठी. तुला नंतर वाचून दाखवेन, चिडवलेलं तेवढं गाळून.

बाकीच्यांसाठी आधी थोडं सांगते. आम्ही सू फॉल्सला राहतो, साउथ डकोटा. थंडी आणि क्रेडिट कार्डाच्या बँका या दोन गोष्टी इथे भरपूर, दुसरीच्या नोकरीसाठी आले आणि पहिलीने छळलं. पण इथे स्कायफोर्स नावाची बास्केटबॉलची टीम आहे, मायामी हीट या एनबीए टीमची जी लीगमधली टीम. एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यात वरची लीग, आणि जी लीग म्हणजे तिच्या खालची पायरी, २००१ मध्ये आठ टीम्सवर सुरू झालेली, आता जवळजवळ प्रत्येक एनबीए टीमची आपापली एक आहे. खेळाडूंना राहायला घर टीमच देते, आणि त्यामुळेच हा आमच्या समोरच्या दारात राहायला आला, दोन सुटकेसा आणि एक भला मोठा फोम रोलर, म्हणजे स्नायू मोकळे करायची फोमची गुंडाळी, घेऊन. मला आधी वाटलं गालिचा आहे.

आता आपल्याकडे कसं असतं, अमेरिकेत बास्केटबॉल खेळतो म्हटलं की लोकांना वाटतं झाला करोडपती. बाबांनी दुसऱ्याच भेटीत पगार विचारला तुला, मी मेले लाजेने, आणि तू आरामात सांगितलास पण. पूर्ण सीझनचे पंचेचाळीस हजार डॉलरच्या आत. वरच्या लीगमध्ये अगदी नवीन पोराला कमीत कमी मिळतात ते वर्षाचे अकरा लाख डॉलरच्या वर. मधे एक टू-वे कॉन्ट्रॅक्ट असतं, दोन्ही लीगमध्ये खेळायचं, त्यात साधारण त्याच्या निम्मे, पण ते प्रत्येक एनबीए टीमकडे तीनच, आणि तुझ्याकडे ते नव्हतं. कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्येच, साडेतीनशेच्या वर कॉलेजं, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए टीम्स नवीन पोरं निवडतात त्यात, नावं लागतात जेमतेम साठ. तुझं कॉलेज टीव्हीवर दिसणाऱ्यातलं नाही, ड्राफ्टमध्ये नाव नाही, मग ओपन ट्रायआउटला, म्हणजे कुणालाही येता येईल अशा निवड चाचणीला, स्वतःच्या खिशातून फी भरून आलास आणि शेवटच्या जागांपैकी एक मिळवलीस. ती जागा पण कायमची नाही, कोचने उद्या बोलावून नको म्हटलं तर बॅग भरायची. बाबा हे सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "म्हणजे रेल्वेतल्या हंगामी कामगारासारखंच की." बाबांची सगळी नोकरी मुंबई सेंट्रलला गेली, त्यांना ते बरोब्बर कळतं.

तर बाबा दिवाळीला आले होते आणि बर्फ बघायचाच म्हणून हट्टाने डिसेंबरमध्ये पण थांबले. आई हुशार, ती आलीच नाही. बर्फ पडला, मग ऊन आलं, मग रात्रीत ते पाणी गोठलं, पार्किंगमध्ये नुसती काच. मी ऑफिसात, नवरा कामासाठी मिनियापोलिसला, आणि बाबा कॅनव्हासचे बूट घालून फेरी मारायला निघाले.

मला मीटिंगमध्ये बाबांच्या नंबरवरून फोन, आणि पलीकडे तुझा आवाज. हे मी आयुष्यात विसरणार नाही, तू आधी म्हणालास "ही इज ओके, मॅम," आणि मग सांगितलंस की ते पडलेत. आधी ते, मग हे. ज्यांचे आई-बाप लांब असतात ना त्यांना कळेल, अनोळखी आवाजात फोन आला की पहिल्या दोन सेकंदात डोक्यात काय काय येऊन जातं, आणि तू मला ती दोन सेकंदं दिलीच नाहीस. एवढी समज तुला बावीस-तेविसाव्या वर्षी कुठून आली कोण जाणे. तुझ्या आईला भेटले तर विचारेन.

मग तूच गाडीत घातलंस, तूच अर्जंट केअरला, म्हणजे तातडीच्या दवाखान्यात, नेलंस, वाटेत स्वतःच्या किटमधला आइस पॅक काढून मनगटाला धरून ठेवायला दिलास आणि हात वर धरा, छातीच्या वर, असं दर दोन मिनिटांनी बजावत होतास म्हणे. बाबा म्हणतात कंपाउंडरपेक्षा कडक. मी पोचेपर्यंत एक्सरे पण झाला होता. आणि तुम्ही दोघं वेटिंग रूममध्ये काय करत होता तर बाबा एका हाताने तुला मोबाईलवर अब्बास मुंतसीर शोधायला लावत होते! बाबांचं लहानपण नागपाड्याच्या आसपास गेलं, तिथल्या कोर्टवरचा बास्केटबॉल बघत ते मोठे झाले, आणि मुंतसीर म्हणजे तिथला राजा, भारताचा कॅप्टन, १९७० चा अर्जुन पुरस्कार. मुंबईत अशी एक गल्लीबोळातली जागा आहे जिथे क्रिकेट सोडून पोरं बास्केटबॉल खेळतात हे तुला खरंच वाटेना. तू फोटो झूम करून बघत होतास. हाड मोडलेला माणूस इतका खुशीत मी पहिल्यांदा बघितला.

मी म्हटलं जा आता घरी, मी आहे. तर म्हणालास नाही, प्लास्टर होऊ दे. थांबलास. मला नंतर तुझ्या रूममेटकडून कळलं की त्या दिवशी संध्याकाळी तुमची मॅच होती, सकाळचं शूटअराउंड, म्हणजे मॅचच्या दिवशीचा हलका सराव, उरकून तू येत होतास, आणि दुपारची झोप ही तुम्हा लोकांची जेवणाइतकीच ठरलेली असते. ती तू आमच्यासाठी घालवलीस आणि एका शब्दाने बोलला नाहीस. आणि तेही कधी, तर जी लीगच्या सगळ्या टीम्सचं शोकेस तोंडावर आलेलं असताना, जिथे एनबीएच्या सगळ्या टीम्सची माणसं वही घेऊन बसतात आणि जानेवारीत दहा दिवसांचं कॉन्ट्रॅक्ट कुणाला द्यायचं याचा हिशोब तिथूनच सुरू होतो. ज्याची स्वतःची नोकरी रोज तराजूत आहे त्याने शेजारच्या म्हाताऱ्यासाठी तीन-चार तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचं, हे मला जास्त मोठं वाटतं. उचलून गाडीत तर कुणीही घातलं असतं. (कुणीही नाही म्हणा, बाबांचं वजन बघता.)

पुढचं तर मजेचंच. तू तिकिटं ठेवायला लागलास आमच्यासाठी आणि बाबा गळ्यात हात अडकवून सॅनफोर्ड पेंटॅगॉनमध्ये, तुमच्या स्टेडियममध्ये, जाऊन बसायला लागले. छोटंसं आहे ते, तीन-सव्वातीन हजार माणसांचं, कोचच्या शिव्या पण ऐकू येतात. पहिल्याच मॅचला समोरच्याने तुझ्यावर फाउल केला, तू फ्री थ्रो टाकलास, गेला, आणि सगळे पळाले पुढे. बाबा उभे राहून ओरडतायत, "अरे अजून एक राहिला! त्याचा एक राहिला!" आजूबाजूचे बघायला लागले. मग तू मॅचनंतर समजावून सांगितलंस की जी लीगमध्ये दोन फ्री थ्रोच्या जागी एकच टाकायचा, तो गेला तर दोन पॉइंट, वेळ वाचावा म्हणून, फक्त शेवटच्या दोन मिनिटांत नेहमीचा नियम. बाबांना अजून हा अन्याय वाटतो. एक चुकला तर दोन्ही गेले, हा काय न्याय झाला, असं ते तुला जिन्यात गाठून पण म्हणाले, जणू काही नियम तूच केलायस.

आणि ते डिंकाचे लाडू. हाडं जुळायला म्हणून वहिनीने पाठवलेले, त्यातले निम्मे बाबांनी तुला चारले. तू प्रत्येक वस्तूचं नाव विचारून टीमच्या ट्रेनरला मेसेज केलास, चालतील का म्हणून, आणि हो आल्यावर उभ्या उभ्या तीन खाल्लेस. त्याबद्दल तुला नाही, त्या ट्रेनरला थँक्यू, कारण नाही म्हणाला असता तर बाबा त्याच्याशी भांडायला गेले असते.

बाबा परत गेले आणि थोड्याच दिवसात तुझा ट्रेड झाला, म्हणजे टीमने तुला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं. सकाळी कळलं, संध्याकाळचं विमान. मी ऑफिसातून आले तर दाराला पिशवी अडकवलेली, त्यात आमचा डबा धुऊन ठेवलेला आणि बाबांसाठी तुझी प्रॅक्टिस जर्सी. ती बाबांना गुडघ्यापर्यंत येते. सोसायटीत मिरवतात. कुणी विचारलं की सांगतात, "माझा मित्र आहे, अमेरिकेत खेळतो," आणि मग मनगट दाखवून सगळी गोष्ट पहिल्यापासून. त्यात बर्फ दर वेळी थोडा वाढतो.

तेव्हा थँक्यू रे. फोनसाठी, त्या खुर्चीसाठी, आणि सत्तरीच्या माणसाचं बास्केटबॉलचं ज्ञान एवढं गंभीरपणे ऐकून घेतल्याबद्दल, "शूट करताना कोपर बाहेर जातं तुझं" हे सुद्धा. तू खरंच दुसऱ्या दिवशी कोचला विचारलंस आणि कोच हो म्हणाला, हे मी बाबांना सांगितलेलं नाही, कारण मग ते घरात कुणाला जगू देणार नाहीत.

आता कामाचं. इथली संध्याकाळी सातची मॅच बाबांना तिकडे सकाळी साडेसहाला लागायची, म्हणजे चहाच्या वेळेला, एकदम सोयीचं होतं. तुझी नवीन टीम दुसऱ्या टाइम झोनमध्ये आहे आणि बाबांचा सगळा हिशोब चुकलाय. पुढच्या महिन्याचं शेड्यूल पाठव, मी भारतीय वेळ लिहून फ्रिजवर लावायला देते. आणि वहिनी विचारतेय, लाडू त्या पत्त्यावर पाठवायचे की तिथला ट्रेनर वेगळा आहे?

तुझी समोरच्या दारातली ताई