तीस मतपत्रिका आणि आपली पैज

सिएटल
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

प्रिय मिल्या,

सोनं घे, सोन्यासारखा राहा. आपट्याची पानं इथे कुठून आणू, तेव्हा हे पत्रच सोनं समज.

परवा फोनवर तू विचारलंस, की तुमचा बेसबॉलचा सीझन रविवारी संपला, आकडे सगळ्यांसमोर आहेत, मग पुरस्कार नोव्हेंबरपर्यंत दाबून कशाला ठेवतात आणि ते आधी ओळखण्यात एवढं काय आहे? तेव्हा माझी मीटिंग सुरू होत होती आणि तुला झोप येत होती. आज सकाळी तासभर हातात आहे, म्हणून लिहायला बसलो.

एक गोष्ट आधीच सांगतो. सगळ्यात चांगला खेळाडू कोण, हे आपल्याला शोधायचंच नाही. शोधायचंय ते तीस पत्रकारांच्या मनात काय आहे ते. हॉस्टेलवर क्रिकेटचा संघ जाहीर व्हायच्या आदल्या रात्री आपण वहीत नावं लिहायचो, आठवतं? तू कायम जिंकायचास, कारण बाकीचे आपापला लाडका संघ लिहायचे आणि तू निवड समितीचा लिहायचास. तुझी ती विद्या इथे जशीच्या तशी चालते.

पद्धत अशी. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, प्रत्येकीत पंधरा संघ. प्रत्येक पुरस्कारासाठी त्या लीगमधल्या संघांच्या गावचे दोन-दोन बेसबॉल पत्रकार मत देतात, म्हणजे तीस मतपत्रिका. एमव्हीपीसाठी, म्हणजे सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्कारासाठी, प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची. पहिल्याला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, असं उतरत दहाव्याला १. पहिल्या-दुसऱ्यात पाचाचा खड्डा आहे बघ, पुढे सगळीकडे एकेकाच्या पायऱ्या. निकालानंतर कोणी कोणाला मत दिलं ते नावानिशी जाहीर होतं, त्यामुळे वाकड्यात शिरणाऱ्याची नंतर चांगलीच सालटी निघतात.

आणि मुख्य म्हणजे ही मतं प्लेऑफचा, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीचा, पहिला सामना सुरू व्हायच्या आत द्यावी लागतात. मंगळवारी प्लेऑफमध्ये डेट्रॉइटच्या तारिक स्कूबल या पिचरने, म्हणजे गोलंदाजाने, क्लीव्हलंडमध्ये जाऊन १४ जणांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं. इथे सगळीकडे त्याचीच चर्चा आहे, पण पुरस्काराच्या हिशेबात त्या चौदांची किंमत शून्य. पेट्या आधीच बंद झाल्या होत्या. जाहीर व्हायचंय नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे निकाल ठरून गेलाय, फक्त आपल्याला माहीत नाही. मला तर याच दिवसांची जास्त मजा येते.

आता यंदाचं खरं भांडण. अमेरिकन लीगचा एमव्हीपी. एका बाजूला न्यूयॉर्क यांकीजचा ॲरन जज, दुसऱ्या बाजूला आमच्या सिएटल मरिनर्सचा कॅल राली. मी सिएटलमध्ये राहतो हे लक्षात ठेवूनच पुढचं वाच.

राली कॅचर आहे. आपला कीपर धर, पण रोज खेळणारा, आणि सामन्यात शंभर-सव्वाशे चेंडू उकिडवा बसून घेणारा. कॅचरकडून बॅटिंगची अपेक्षा बेताचीच असते, कारण गुडघे तिकडेच संपतात. या माणसाने यंदा ६० होम रन, म्हणजे आपले षटकारच समज, मारले! कॅचरचा एका मोसमाचा आधीचा उच्चांक ४८ होता, साल्वाडोर पेरेझचा, २०२१ चा. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचे १९६१ मधले ५४ आजवर कोणी ओलांडले नव्हते, तेही गेले. इथला देव केन ग्रिफी ज्युनियर, त्याचे ५६ सुद्धा गेले. साठावा मारला त्याच रात्री, २४ सप्टेंबरला, मरिनर्सनी २००१ नंतर पहिल्यांदा आपली डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आपला गट, जिंकली. मी वरच्या स्टँडमध्ये होतो. लोक ‘एम-व्ही-पी’ ओरडत होते आणि घसा माझाही बसला. जुलैत होम रन डर्बी, म्हणजे नुसते होम रन मारायची स्पर्धा, जिंकला तेव्हा त्याला चेंडू टाकत होता त्याचा बाप आणि मागे कॅचर होता त्याचा भाऊ. अशी गोष्ट कुठल्या पत्रकाराला आवडणार नाही?

पण जजचे आकडे बघ. ०.३३१ सरासरी, सगळ्या बेसबॉलमध्ये पहिली. ५३ होम रन. १२४ वेळा फुकटात चालत पहिल्या बेसवर, कारण पिचर त्याला खेळण्याजोगा चेंडू द्यायलाच तयार नाहीत. रालीची सरासरी ०.२४७. म्हणजे होम रन सात जास्त, पण बाकी वेळा बाद होणं कितीतरी जास्त. एक खेळाडू संघाला किती विजय मिळवून देतो याचा ‘वॉर’ नावाचा एकत्रित आकडा असतो. तो काढणाऱ्या दोन मोठ्या संस्थांचं यंदा जमत नाहीये. जज दोघींकडेही पुढे आहे, पण बेसबॉल-रेफरन्सकडे खूप आणि फॅनग्राफ्सकडे थोडासा. कारण मजेशीर आहे. स्ट्राइक झोनच्या, म्हणजे बॅट्समनने खेळायलाच हवा अशा चेंडूच्या चौकटीच्या, काठावरचा चेंडू कॅचर किती सफाईने घेतो यावर पंच स्ट्राइक देईल की बॉल, हे बरंचसं ठरतं. फॅनग्राफ्स ही हातसफाई मोजते, दुसरी मोजत नाही. राली त्यात तरबेज आहे. गेल्या वर्षी अमेरिकन लीगचा प्लॅटिनम ग्लोव्ह, म्हणजे सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा पुरस्कार, त्यालाच मिळाला होता. आता तीस पत्रकारांपैकी कोण कुठला आकडा उघडून बसतो, यावर हा पुरस्कार अडकलाय.

मग मी कोणावर पैसे लावतोय? जजवर. मन रालीकडे, पाकीट जजकडे.

कारण गेल्या काही वर्षांत मतदारांचा स्वभाव बदललाय. १९४७ मध्ये बोस्टनच्या टेड विल्यम्सने सरासरी, होम रन आणि धावा काढून देणं या तिन्हींत लीगमध्ये पहिला नंबर मिळवला, तरी एमव्हीपी गेला यांकीजच्या जो डिमॅजिओला, २०२ विरुद्ध २०१ गुणांनी. यांकीज जिंकले होते ना! तेव्हा पत्रकार ‘गोष्ट’ बघून मत द्यायचे. १९९९ मध्ये बोस्टनचा पिचर पेड्रो मार्टिनेझला पहिल्या क्रमांकाची सर्वांत जास्त मतं होती, पण दोन महाभागांनी पिचरला एमव्हीपी कसला द्यायचा म्हणून दहा नावांत त्याला घेतलंच नाही. गेला हातचा. २०१२ मध्ये मिगेल काब्रेराने विल्यम्ससारखाच तिन्हींत पहिला येऊन तिहेरी मुकुट घेतला आणि सगळे आकडेतज्ज्ञ माइक ट्राउटसाठी ओरडत असताना तेव्हाच्या २८ पैकी २२ पहिली मतं खेचली. तेव्हापासून वारं फिरलं. जुने लेखक निवृत्त झाले, नवे आले ते ‘वॉर’ बघूनच वाढलेले. त्यांना साठ हा आकडा भुरळ घालेल, पण पूर्ण पागल करणार नाही. मात्र कोणालाही पंचवीस पहिली मतं पडणार नाहीत, हेही लिहून ठेव. बहुतेकांच्या कागदावर हेच दोघं पहिले-दुसरे असतील, म्हणजे एकेका मताच्या फिरण्याला किंमत आहे. राली जिंकला तर २००९ च्या जो मावरनंतर अमेरिकन लीगचा पहिला कॅचर ठरेल, आणि मी हरल्याचं दुःख अजिबात करणार नाही.

आता साय यंग, म्हणजे पिचरचा पुरस्कार. हा ओळखायला सोपा असतो, कारण यासाठी चक्क सूत्र आहे. टॉम टँगो या टोपणनावाने लिहिणाऱ्या आकडेतज्ज्ञाचं. पिचरने टाकलेल्या इनिंग निम्म्या कर, त्यातून त्याच्या नावावर लागलेल्या धावा वजा कर, स्ट्राइकआउटचा दहावा भाग मिळव, जिंकलेले सामने मिळव. झालं. चांगला पिचर कोण हे ते सांगत नाही, मतं कुठे जातील ते सांगतं, म्हणून मला ते आवडतं. रात्री बसून यंदाचं गणित केलं तर गंमत झाली. स्कूबल आणि बोस्टनचा गॅरेट क्रोशे, दोघंही ८७ च्या आसपास, क्रोशे केसभर पुढे! क्रोशेचे विजय १८, स्ट्राइकआउट २५५. स्कूबलचे विजय १३, स्ट्राइकआउट २४१. पण स्कूबलचा ईआरए २.२१ आणि क्रोशेचा २.५९. नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, दिलेल्या धावांची ती सरासरी, जितकी कमी तितकी बरी. इथे मी सूत्र बाजूला ठेवतो. आजचा मतदार विजयांकडे ढुंकून बघत नाही, कारण पिचरने उत्तम टाकूनही संघाने धावाच केल्या नाहीत तर तो काय करणार? याची सुरुवात आमच्याच गावातून झाली असं मी म्हणेन. २०१० मध्ये मरिनर्सच्या फेलिक्स हर्नांडेझचा हिशेब १३ विजय, १२ पराभव असा रडका होता, तरी साय यंग त्याला मिळाला आणि २१ विजयांचा साबाथिया बघत राहिला. २०१८ मध्ये जेकब डीग्रॉम तर १० विजय, ९ पराभव घेऊन ३० पैकी २९ पहिली मतं घेऊन गेला. तेव्हा स्कूबल, लागोपाठ दुसऱ्यांदा. अमेरिकन लीगमध्ये असं पेड्रोनंतर कोणाला जमलेलं नाही.

नॅशनल लीगमध्ये पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स. १० विजय, १० पराभव, ईआरए १.९७. त्याच्या संघाने ९१ सामने गमावले, बिचाऱ्याने करायचं काय! सूत्रातही तो फिलाडेल्फियाच्या क्रिस्तोफर सान्चेझच्या पुढेच आहे. मला वाटतं तीसच्या तीस मतं.

बाकीचं भराभर सांगतो. नवोदितांमध्ये अमेरिकन लीगला निक कर्ट्झशिवाय नाव नाही. २५ जुलैला ह्यूस्टनमध्ये एका सामन्यात चार होम रन मारणाऱ्या पोराला कोण नाकारणार? नॅशनल लीगमध्ये जरा घोळ आहे. अटलांटाचा कॅचर ड्रेक बाल्डविन की शिकागोचा पिचर केड हॉर्टन? हॉर्टन शेवटचे दोन महिने अप्रतिम होता, पण बाल्डविन वर्षभर होता. बाल्डविन.

मॅनेजरचा, म्हणजे आपल्याकडच्या प्रशिक्षकाचा, पुरस्कार मला मुळातच पटत नाही. जो संघ पत्रकारांनी मार्चमध्ये मोडीत काढलेला असतो आणि सप्टेंबरमध्ये वर येतो, त्याच्या मॅनेजरला तो देतात. म्हणजे स्वतःचा अंदाज चुकल्याची भरपाई दुसऱ्याला ट्रॉफी देऊन. मिलवॉकीचा पॅट मर्फी मात्र नक्की, ९७ विजय, सगळ्यांत जास्त. हा गृहस्थ टीव्हीवर मुलाखत चालू असताना खिशातून पॅनकेक काढून खातो. अमेरिकन लीगला क्लीव्हलंडचा स्टीफन व्होट आहे, ज्याने साडेपंधरा सामन्यांची पिछाडी भरून काढली, आणि टोरंटोचा जॉन श्नायडर, ज्याचा संघ गेल्या वर्षी तळाला होता आणि यंदा ९४ सामने जिंकून पहिला आला. व्होटला गेल्याच वर्षी मिळालंय. मी श्नायडर लिहितो.

तुझी यादी दिवाळीच्या आत पाठव. माझं वाचून टीपू नकोस, आणि सरळ तीस पत्रकारांसारखा विचार कर. जो जास्त हरेल त्याने मी पुढच्या वेळी नाशिकला आलो की मिसळ खिलवायची.

आता उठतो. दुपारी डेट्रॉइट आणि क्लीव्हलंडचा शेवटचा सामना आहे; जिंकेल तो शनिवारी इथे आमच्याशी खेळायला येणार. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आप्पांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
अव्या

ता. क. नॅशनल लीगच्या एमव्हीपीवर पैज नाही. शोहेई ओहतानी ५५ होम रन मारून वर पिचिंगही करतोय. त्याचे आधीचे तिन्ही एमव्हीपी एकमताने आलेत. त्यावर पैज लावून तुला फुकट एक गुण द्यायला मी काही खुळा नाही.