तक्रार पत्र : फॉल्ट कोड अर्धाच वाचून चांगले सेन्सर बदलल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
बॅकहो लोडर विभाग

विषय : चुकीच्या निदानामुळे घेतलेले पैसे परत मिळणे व हार्नेसचा (इंजिनवरच्या तारांच्या जुडग्याचा) दोष वॉरंटीत धरणे

महोदय,

आपल्या नाशिकच्या अधिकृत डीलरकडून घेतलेला बॅकहो लोडर मी आणि माझा धाकटा भाऊ स्वतः चालवतो. दिंडोरी-निफाडकडे शेततळी, पाइपलाइनचे चर अशी कामे असतात. सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेल्या रस्त्याच्या कामात एका पोटठेक्यावर मशीन लावले होते. मशीन वॉरंटीत आहे आणि प्रत्येक सर्व्हिस आपल्याच वर्कशॉपला झाली आहे. हे आधीच सांगतो, कारण तक्रार ऐकल्यावर आपल्या माणसांचा पहिला प्रश्न होता, "ऑइल कुठले टाकले?" ऑइल त्यांच्याच काउंटरवरचे होते. बिल जोडले आहे.

बिघाड असा होता. इंजिन तापले आणि बकेटवर लोड आला की पिवळा दिवा लागायचा, आरपीएम पडायचे, मशीन जोरच धरायचे नाही. चावी बंद करून पुन्हा सुरू केले की थोडा वेळ ठीक चालायचे. डिस्प्लेवर दोन कोड एकदम यायचे : एसपीएन १०० एफएमआय ४ आणि एसपीएन १०२ एफएमआय ४ (एसपीएन आणि एफएमआय हे एकाच कोडाचे दोन भाग, त्यांचा अर्थ खाली दिला आहे). त्यांचा फोटो मी आपल्या सर्व्हिस इंजिनिअरना व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच पाठवला होता.

त्यांनी येऊन लॅपटॉप लावला. १०० म्हणजे ऑइल प्रेशर, म्हणून ऑइल प्रेशरचा सेन्सर बदलला. दिवा परत लागला. १०२ म्हणजे टर्बोकडून येणाऱ्या हवेचा दाब, म्हणून तोही सेन्सर बदलला. दिवा परत लागला. मग ईसीएमच (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला असे सांगून त्याचे कोटेशन हातात दिले. त्या आकड्यात आमच्याकडे जुना ट्रॅक्टर येतो.

माझी तक्रार अशी की कोड अर्धाच वाचला गेला. बिघाड कोणत्या सर्किटवर दिसतो आहे ते एसपीएन सांगतो. त्या सर्किटला झाले काय, ते एफएमआय सांगतो. आपले मशीन ज्या एसएई जे १९३९ पद्धतीने कोड देते, त्यात एफएमआय १ आला असता तर ऑइलचा दाब खरोखर धोक्याइतका उतरला असा अर्थ झाला असता, आणि मी स्वतःच इंजिनला हात लावू दिला नसता. एफएमआय ४ म्हणजे सिग्नलचे व्होल्टेज हवे त्यापेक्षा खाली, किंवा तार कुठेतरी बॉडीला टेकून अर्थिंग झालेली. ही विजेची भानगड आहे, ऑइलची नव्हे. शिवाय दोन सेन्सर नेमके एकाच क्षणी कसे जातील? या इंजिनात दोघांना ५ व्होल्टचा पुरवठा एकाच लाइनमधून होतो. ती लाइन बॉडीला टेकली की दोघांचेही सिग्नल शून्याकडे जाणार आणि कोड दोघांच्याही नावाने पडणार. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसे झाले, फक्त बंबाचे बिल मला भरावे लागले.

शेवटी अंबड एमआयडीसीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला साइटवर नेले. त्याच्याकडे आपले सॉफ्टवेअर नाही, होता तो एक मल्टिमीटर आणि ऑइल प्रेशरचे काट्याचे गेज. गेज लावून त्याने आधी खरा दाब पाहिला. तो बरोबर होता. एवढी साधी तपासणी आपल्या इंजिनिअरनी एकदाही केली नाही. मग सेन्सरचा प्लग काढून पुरवठ्याच्या पिनवर मीटर धरला आणि भावाला हार्नेस एका टोकापासून हळूहळू हलवायला सांगितले. मीटर ५ व्होल्ट दाखवत होता. भावाचा हात हायड्रॉलिक पंपाजवळच्या ब्रॅकेटपाशी गेला आणि आकडा कोसळला. तिथे हार्नेस धरणारी क्लिपच नव्हती. लोडवर इंजिन हलते, त्या प्रत्येक हालचालीला हार्नेस ब्रॅकेटच्या धारेवर घासत होता. वरचे नळीचे आवरण फाटून आतली तार उघडी पडली होती. त्याने तार जोडली, स्लीव्ह चढवली, धारेवर रबर बसवून हार्नेस बांधला. त्यानंतर भर उन्हात पूर्ण लोडवर काम झाले, दिवा लागलेला नाही.

आपल्या डीलरला हे फोटोसह दाखवले, तर उत्तर मिळाले की वायर घासणे हा वापराचा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. आणि इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की परत घेत नाही. क्लिप मी काढलेली नाही. माझ्या ओळखीच्या एका मालकाकडे हेच मॉडेल आहे. त्याच्याही मशीनवर त्या जागी क्लिप नाही आणि आवरणावर घासल्याची खूण आहे. म्हणजे हे कारखान्यातूनच आलेले दिसते. काढलेले सेन्सर मागितले तर ते भंगारात गेले म्हणाले. प्रत्येक वेळी कोड प्रिंट न काढताच मिटवले, त्यामुळे तो किती वेळा आला याची नोंदही उरली नाही. जॉबकार्डवर फक्त "सेन्सर खराब" एवढेच लिहिले आहे.

दोन्ही सेन्सर, मजुरी आणि व्हिजिट चार्ज यांचे पैसे परत मिळावेत. हार्नेसचा तो भाग वॉरंटीत बदलून क्लिप बसवून द्यावी, तोपर्यंत केलेल्या जोडणीमुळे वॉरंटी रद्द धरू नये, असे लेखी हवे. जॉबकार्डवरचा शेरा दुरुस्त करावा. मशीन उभे राहिल्याने मूळ ठेकेदाराने कापलेल्या रकमेचा कागद जोडला आहे. त्याबाबत आपण काय देणार तेही कळवावे. आणि या मॉडेलच्या इतर मशीनांची तीच जागा पुढच्या सर्व्हिसला तपासायला सांगावे, एवढे तरी करा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. "व्यावसायिक मशीन आहे, तुम्ही ग्राहक नाही" असे डीलरकडे ऐकवले गेले. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या कायद्यात व्यावसायिक कारणात मोडत नाही, हे आपल्या कायदा विभागाला माहीत असेलच.

जॉबकार्ड, बिले, डिस्प्लेचे आणि हार्नेसचे फोटो सोबत आहेत. तपासणीला माणूस पाठवायचा असल्यास आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे इंजिन गरम करून ठेवता येईल.

आपला,
बॅकहो लोडर मालक व चालक,
नाशिक